भिंतीला उंबरठा

मित्रांनो, माझ्यासमोर अगदी नाक लावून उभे राहिलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही मला भिंत समजाल आणि पुढे जाल. त्यात तुमची काही चूक नाही, मला बनवलंच तसं. मी एक जुना चोरदरवाजा आहे, इंग्लंडमधल्या एका राजवाड्याच्या दिवाणखान्यातला.

ओकच्या फळ्या जोडून सुताराने मला घडवलं. मग भिंतीवरचं हिरवं रेशमी कापड माझ्याही अंगावर चढवलं. कडी नाही, मूठ नाही. का, विचारा ना! राणीसाहेबांना शेकोटी हवी असे, पण कोळसा आणणारी मुलगी दिसायला नको असे. मुलीने माझ्यातून गुपचूप यायचं, शेकोटी पेटवायची आणि माझ्यातूनच गडप व्हायचं. सव्वाशे वर्षं हे चाललं. त्या काळात मी पुष्कळ पाहिलं. चारचौघांत चिमणीएवढा घास घेणाऱ्या एक राणीसाहेब माझ्यामागे उभ्या राहून मुरंब्याची अख्खी बरणी संपवत. नाव सांगणार नाही. गोष्टी पोटात ठेवणं हे माझं कामच.

पुढे खोल्या गरम ठेवायला गरम पाण्याचे नळ आले आणि कोळसा गेला. मला आतून खिळे ठोकले, वरून नवं कापड सलग ताणलं, खाली गालिचा अंथरला. जुनी माणसं गेली आणि मी इथे आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. मला फार वाईट वाटे. पर्यटक येत, मान दुखेपर्यंत छत बघत आणि माझ्याकडे पाठ करून फोटो काढत.

२००७ साली तर संकटच आलं. चांदीची भांडी मांडायला माझ्यावर काचेचं कपाट बसवायचं ठरलं. सोमवारी आठ जाड स्क्रू माझ्या आरपार जाणार होते. मी घाबरलो, पण स्वतःसाठी नव्हे. माझ्या पाठीवर काहीतरी होतं. काय, ते थोडं थांबा.

कपाटासाठी गालिचा गुंडाळला होता. त्या शनिवारी खोलीची राखण सुप्रभाकडे होती. ती लंडनजवळच्या पिनरहून यायची, नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. तिच्या सासूबाई, रेखाताई, नागपूरहून आल्या होत्या आणि सुनेचा राजवाडा बघत होत्या. माझ्यापाशी येताच त्या दचकल्या. वाकून त्यांनी जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"आई, अहो काय करताय? इथे टच करायचं नसतं!"

"अगं, उंबरठ्यावर पाय पडला माझा."

"इथे दार कुठंय? वॉल आहे ती."

"मग भिंतीला उंबरठा कसा? बघ, मधोमध झिजलाय. माणसांची ये-जा असल्याशिवाय लाकूड असं झिजतं का?"

सुप्रभा खाली बघतच राहिली. "मी प्रोबेशनवर आहे हो. मॅनेजरला काय सांगू, सासूबाईंनी वॉलला नमस्कार केला म्हणून?"

"तेच सांग."

आणि तिने धीर केला, मित्रांनो! मॅनेजरबाई आधी हसल्या. मग त्यांनी बोटाने मला ठोकून पाहिलं. मी पोकळ वाजलो, अगदी मनापासून वाजलो.

सोमवारी स्क्रू आले नाहीत. कापड जपून उकलणारे कारागीर आले. रेखाताईंनाही मुद्दाम बोलावलं होतं. खिळे निघाले, मी कुरकुरत उघडलो आणि टॉर्चच्या उजेडात माझी पाठ सगळ्यांना दिसली. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेली एकतीस नावं होती. राणीसाहेब खोलीबाहेर पडेपर्यंत कोळसेवाल्या मुली मला टेकून उभ्या राहत, तेव्हा लिहिलेली. वाड्याच्या एकाही पुस्तकात ती नव्हती.

रेखाताईंना ते जुनं अक्षर लागेना. "सगळ्यात खाली काय लिहिलंय गं?"

"एलन, वय तेरा. मी इथे होते."

"तेरा? म्हणजे आठवीतली."

"शाळा कुठली, आई. कोळसा वाहायची ती."

रेखाताईंनी पुन्हा वाकून माझ्या उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

कपाट दुसऱ्या भिंतीवर गेलं. मी आता उघडाच असतो. मित्रांनो, मोठी घरं जरूर बघा, छत बघा, चांदीही बघा. पण तिथे राबून गेलेल्या माणसांच्या खुणा जपा, त्यांच्यावर खिळे ठोकू नका.

परवा एक शाळकरी मुलगी आली होती. तिने माझ्या पाठीवरची शेवटची ओळ वाचली आणि हळूच म्हणाली, "हॅलो, एलन." या दिवाणखान्यात एलनला कुणी नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.