गुरुनाथांचं ऊन

जानेवारीत नागपूरला परतायचं ठरलं होतं. पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुनाथ आंघोळीला म्हणून निघाले आणि बाथरूमच्या दारातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून मुलाच्या, शंतनूच्या, ओहायोतल्या डब्लिनच्या घरी आले तेव्हा त्यानं आपली खालची ऑफिसची खोली रिकामी करून तिथे त्यांचा पलंग लावला होता. विमानाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग एका सकाळी शोभनाताई त्यांना पातळ केलेला वरणभात भरवत असताना ते खिडकीकडे बघत स्पष्ट म्हणाले, "ऊन."

शोभनाताईंच्या हातातला चमचा तिथेच थांबला. "शंतनू! अरे धाव, बाबा बोलले!"

खिडकीबाहेर ऊन नव्हतंच. ओहायोचं आभाळ नोव्हेंबरात जे झाकोळलं होतं, ते उघडायचं नाव घेत नव्हतं. दुपारी जेवायला बसतानाही दिवे लावावे लागत. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळायचा आणि त्यावर पुन्हा पांढरा येऊन पडायचा. अशात माणूस दुसरं काय मागणार? नागपुरात थंडीचे दोन महिने गुरुनाथ रोज सकाळी गच्चीवर बनियनवर बसून पायांना तेल चोळत. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल, पण ते चुकवायचे नाहीत.

त्या दिवसापासून शोभनाताईंनी एकच ध्यास घेतला. ऊन पडलं की यांना बाहेर बसवायचं, अंगाला तेल लावायचं. एक शब्द आला तसे चार येतील. उठल्याबरोबर त्या पडदा सारून बघत. मग नात, आन्या, शाळेत जाण्याआधी फोनमध्ये बघून सांगे, "सॉरी आजी, क्लाउडी ऑल वीक." शंतनूनं एक दिवा आणला, उन्हासारखा उजेड देणारा. शोभनाताईंनी तो दोन दिवस लावला आणि कपाटात ठेवून दिला.

"दिव्याला काहून ऊन म्हणायचं रे?" त्या म्हणाल्या.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा अनन्या यायची. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. फेब्रुवारीच्या शेवटी तिनं शोभनाताईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, माझं मराठी इतकं चांगलं नाही, पण मला सांगायलाच पाहिजे. काकांचा तो शब्द... तो स्टक झालेला शब्द आहे. स्ट्रोकनंतर होतं असं. पाणी पाहिजे तरी ऊन, दुखलं तरी ऊन. नको म्हणायचं असेल तरी ऊनच. त्यांना वेगळं बोलायचं असतं, पण बाहेर तेवढंच येतं."

शोभनाताईंनी ओट्यावरचं फडकं उचलून पुन्हा घडी घातली. "बाई, तू त्यांना सात आठवडे ओळखतेस. मी सेहेचाळीस वर्षं ओळखते."

अनन्या गुरुनाथांच्या खोलीकडे वळली.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी ऊन पडलं. सकाळी दहाला ढग विरत गेले आणि खिडकीतून जमिनीवर लख्ख चौकोन पडला. शोभनाताईंनी वाटीभर तिळाचं तेल गरम केलं. शंतनूनं कॅमेरा बंद करून मीटिंग अर्धवट सोडली आणि बाबांना व्हीलचेअरवर घालून घरामागच्या लाकडी डेकवर आणलं. हवा अजून बोचरी होती, म्हणून पायांवर जाड ब्लँकेट टाकलं.

"घ्या," शोभनाताई म्हणाल्या, "आलं एकदाचं तुमचं ऊन."

गुरुनाथांनी डोळे मिचकावले. शोभनाताईंनी त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन तेल चोळायला सुरुवात केली. दोनेक मिनिटांनी ते म्हणाले, "ऊन."

"हो, ऊनच!" शोभनाताईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. "बघितलंस शंतनू?"

"ऊन," ते पुन्हा म्हणाले. मग मोठ्यानं, "ऊन! ऊन!" डाव्या हातानं ते शोभनाताईंचा हात दूर ढकलायला लागले. चेहरा लाल झाला होता, मान दाराकडे वळत होती.

"आई, आत नेऊ या का त्यांना?"

"अरे थांब रे, दोन महिने मागताहेत. जरा बसू दे."

गुरुनाथ अचानक गप्प झाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. ब्लँकेटवर एक काळपट ओल पसरत गेली आणि पायांखालच्या फळीवर थेंब पडायला लागले.

हॉस्पिटलातून आल्यापासून ते रात्र सोडता डायपर लावू देत नसत. तेवढं एक त्यांनी राखलं होतं.

आत नेऊन दोघांनी त्यांचे कपडे बदलले. शोभनाताईंनी पाय पुसले. गुरुनाथ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आई, तुला कसं कळणार होतं?" शंतनू म्हणाला.

"सांगितलं होतं तिनं," शोभनाताई म्हणाल्या. ऊन संध्याकाळपर्यंत होतं. त्या पुन्हा बाहेर गेल्या नाहीत.

मंगळवारी अनन्या आली तेव्हा आभाळ पुन्हा भरलेलं होतं. शोभनाताईंनी तिला चहा दिला आणि समोर बसल्या.

"कुठलं ऊन कशासाठी ते ओळखायचं कसं? शिकव मला."

"चेहरा बघायचा, हात बघायचे. पण काकू, प्रत्येक वेळी नाही कळणार."

"सुधारेल हे?"

"आता फार नाही."

"आणि त्यांना कळतं का? की मला काही समजत नाहीये?"

अनन्यानं कप खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. "ते त्यांना कळतं."

शोभनाताईंनी मान हलवली. गुरुनाथांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. त्या उठल्या आणि त्यांनी जिन्याखालून शंतनूला हाक मारली.