रविवारचा जिना

माझ्या धाकट्या बहिणीची लेक माझ्याकडेच राहते. नववीत आहे, वर्ग तिसऱ्या मजल्यावर. शाळा सुटताना जिन्यात रेटारेटी झाली, ती पडली आणि गुडघा प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघालं, पण पाय अजून नीट वाकत नाही. कुबडी घेऊन जाते.

खरं तर शाळेला जिने दोन. मागच्याला जाळीचं दार आहे आणि दाराला कुलूप. आत समारंभाच्या गुबगुबीत खुर्च्या पार वरपर्यंत रचल्यात. बाहेर ठेवल्या तर खराब होतील, एवढंच कारण.

शाळेच्या मंडळावर मी पालकांची प्रतिनिधी. प्रार्थना आटोपून बैठकीला गेले आणि एकच गोष्ट मागितली. ते दार उघडा.

"ताई, जरा मोठ्याने बोला," अध्यक्ष म्हणाले. त्यांचं फरशांचं दुकान आहे.

मी पुन्हा सांगितलं.

"उघडलं की पोरं तिकडून पळ काढतात," चिटणीस म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. समोरच्याने नुसता आ करून ऐकायचं, याची त्यांना सवय.

"पण आग लागली तर?"

"अहो ताई, शुभ बोला की!"

सगळे हसले. मुख्याध्यापिका बाई कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. त्यांची नेमणूक दरवर्षी हेच मंडळ करतं.

पण अध्यक्षांनी माझा मान राखला. "ताईंच्या जिवाला घोर नको. बाहेर पडायची तालीमच करून बघू. येत्या रविवारी."

मला केवढं हायसं वाटलं! देवापुढे दिवा लावताना डोळे भरून आले. रविवारी पोरगीही गणवेश चढवून तयार. "मावशी, मीपण येणार. तालमीला एक तरी लंगडी नको का?"

शाळेत पोचलो तर पटांगण मोकळं. मला वाटलं, मुलं यायची असतील.

"मुलं कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "मुलं असली की गोंधळ. त्यात तपासणी होते का कुठे?" मग पोरीकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "बाळा, तू ऑफिसात बस हं. पाय जपायला हवा."

ती बसली. शिपायाने घंटा बडवली आणि मंडळ तिसऱ्या मजल्यावरून पुढच्या जिन्याने खाली उतरलं. दोघे दोघे, गप्पा मारत. चिटणीस मधेच थांबले, बुटाची नाडी बांधली, पुन्हा चालू लागले. कोणाचा कोणाला धक्का नाही.

"झालं की नाही? ऐसपैस आहे जिना," अध्यक्ष म्हणाले.

"रिकामा आहे म्हणून," मी म्हटलं. "सुटायच्या वेळी येऊन बघा एकदा. हात जोडते."

"त्या वेळी दुकान कोण बघणार, ताई?"

लगेच हात वर झाले. मागचा जिना बंदच राहणार, पुढच्या जिन्यात सूचनेचा फलक लागणार. बाईंचा हातही वर गेला, कोपरात दुमडलेला. माझा तेवढा खाली होता.

"मी विरोधात आहे," मी म्हणाले.

"ताईंचं काळजीपोटी आहे," चिटणीस लिहिता लिहिता म्हणाले. "एकमताने मंजूर."

घरी येताना पोरीने विचारलं, "उघडणार ना, मावशी?"

"नाही गं."

ती थोडा वेळ कुबडीकडे बघत चालली. "मग मी शेवटी उतरत जाईन. सगळे गेले की."

"हो, तसंच कर."

"आणि खरंच आग लागली तर? तेव्हापण शेवटीच?"

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं.

आता रोज शाळा सुटताना मी जिन्याच्या तोंडाशी उभी असते. फलक लागलाय. जाड लाकडी चौकट, वर सोनेरी अक्षरं, 'सावकाश उतरा'. नेमका वळणावर, भिंतीपासून चांगला वीतभर पुढे आलेला. घंटा झाली की वरून लोंढा येतो, वळणावर तुंबतो, कोणाचा तरी खांदा चौकटीवर आपटतो. "ढकलू नका रे!" कोणीतरी ओरडतं आणि मागचे आणखी ढकलतात.

मी नामस्मरण करत लोंढा ओसरायची वाट बघते. मग वरून कुबडीचा आवाज येतो.