लाइट जायच्या आत पक्कं

मित्रांनो, हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. लाज वाटते ना, म्हणून.

मी एक जुना ट्रिगर आहे. म्हणजे कंप्युटरच्या आतली छोटीशी सूचना. एक काम झालं की त्याच्यामागचं काम मी न सांगता करतो. मुरबाडच्या एका बियाण्याच्या दुकानात ज्ञानेश्वरने मला लिहिलं. तिथे मागणी नोंदवणारा प्रोग्राम माझा दोस्त. त्याने भाताच्या बियाण्याची नोंद घेतली की मी साठ्यातली पिशवी कमी करायचो. सगळं नीट झालं की तो 'कमिट' म्हणायचा, म्हणजे पक्कं. मधे बिघडलं तर सगळं पुसून मागे फिरायचा.

पण तेव्हा लोडशेडिंग फार. मला लिहिताना ज्ञानेश्वर पुटपुटला, "लाइटचा काय भरोसा? ह्याचं ह्याने लगेच पक्कं करून टाकावं." त्यामुळे मी दोस्तासाठी न थांबता माझं काम लगेच पक्कं करायचो. साठा झटकन दिसतो म्हणून माझं कौतुकही झालं.

मग मृगाच्या तोंडावर वैशाखरे गावची सकुबाई आली. राब, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजून तयार, फक्त बी हवं होतं. दुकानातला देवराम तिचं नाव टाकत होता आणि लाइट गेली. परत आली तेव्हा दोस्ताची अर्धी नोंद पुसलेली. मी कमी केलेली शेवटची पिशवी मात्र कमीच.

"मावशे, शिल्लक नाय गो," देवराम म्हणाला.

"मंग ती भितीला टेकलीय ती काय?"

"आतल्या खिडकीवर कुनी पैसे भरून ठेवली असंल. कंप्युटर शून्य दाखवतो."

"कंप्युटर येनार हाय का माज्या राबात?"

ती रिकाम्या हाताने गेली. दहा-बारा दिवस पिशवी न्यायला कुणीच आलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरने मला उघडून बघितलं. मान खाली घालून तो पिशवी घेऊन वैशाखऱ्याला गेला. तोवर सकुबाईने घरचं जुनं भात पेरलं होतं. निम्मं उगवलंच नव्हतं.

"राब काय दोनदा भाजतात का, पोरा?" एवढंच ती म्हणाली आणि पिशवी परत दिली.

ज्ञानेश्वरने परत येऊन हे देवरामला सांगितलं, मी ऐकलं. मग त्याने माझ्यातलं ते 'पक्कं' खोडून टाकलं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाला जोडलेलं काम घाईने एकट्याने उरकू नका.

मग मीच दोस्ताला शब्द दिला, "आता तू पक्कं म्हणशील तेव्हाच माझं पक्कं. तू मागे फिरलास, तर माझं केलेलं पुसून मीपण तुझ्यासंगं मागे येईन."