राणीचा नकार

धुक्या रे धुक्या, सोड माझी वाट,
उंबऱ्याशी माझ्या थांबली पहाट.

तेहेतीस वर्षांपूर्वी हा आवाज त्याच्या कानावर पडला, तेव्हा तो एका परक्या घराच्या दारात स्टुलावर उभा होता. हातात पेचकस, दातांत सीलची तार. वीज कंपनीत तो मीटर तपासनीस होता. आत टीव्हीवर ‘धुक्याचा गड’ ही मालिका लागली होती आणि गडाची राणी धुक्याला वाट मागत होती. पडद्यावर चेहरा कुणा दुसरीचा होता. आवाज मात्र त्याच्या बायकोचा. सकाळी याच आवाजाने डबा विसरल्याबद्दल त्याची खरडपट्टी काढली होती. तो पुढच्या घरी गेला, तर तिथेही तीच. त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत राणी बोलत होती, आणि आपल्या घरातलं काहीतरी उचलून कुणी दारोदार वाटतंय असं त्याला वाटलं.

आज तोच आवाज स्वयंपाकघरातून येत होता. ‘थांबली’पर्यंत नीट चढायचा आणि ‘पहाट’वर येऊन जरासा फाटायचा. ती खाकरायची, कोमट पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने हे चाललं होतं, पेपरात बातमी आल्यापासून. ‘धुक्याचा गड’ नव्याने काढणार होते. जुन्या लोकांना शोधताहेत, असंही बातमीत होतं. ते कात्रण तिने मसाल्याच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं. जिरं काढतानासुद्धा ते दिसायचं.

“अहो, आवाज ठेवणार म्हणे तोच,” ती आठवड्यातून दोनदा तरी म्हणायची. “चेहरा काय, कुणाचाही लावतील.”

आणि तो म्हणायचा, “बघू.”

आज संध्याकाळपासून उपास होता. यहुद्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा, क्षमेचा उपास. सूर्य मावळण्याआधी शेवटचा घास, शेवटचा घोट. मग उद्या आकाशात चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सकाळपासून घर त्याच तयारीत होतं. पांढरे कपडे इस्त्री करून दाराला टांगले होते. उपासात चामडं वर्ज्य, म्हणून चामड्याच्या चपला कपाटाखाली सरकवून दोघांचे कापडी बूट बाहेर आले होते. उद्या तहान लागू नये म्हणून भाताला आणि सुपाला मीठ बेताचं. गेलेल्या आईवडिलांच्या नावाने दिवसभर जळायची मेणबत्ती आधीच कपात उभी होती. सांजेच्या दोन तेवढ्या आणायच्या राहिल्या होत्या, म्हणून दुपारी एकच्या सुमारास ती पिशवी घेऊन खाली उतरली. फोन टेबलावरच राहिला.

तो वाजला. त्याने उचलला.

पलीकडे एक मुलगी होती. मॅडम आहेत का, तिने विचारलं. मालिकेच्या ऑफिसातून बोलत होती. दिग्दर्शक लहानपणी तो आवाज ऐकत मोठे झाले होते, त्यांना राणीसाठी तोच हवा होता. वय झालं असलं तरी चालेल, उलट बरंच. नव्या गोष्टीत राणीही म्हातारी झाली आहे. ऐकता ऐकता तो कधी खुर्चीवर बसला, त्यालाच कळलं नाही.

“एकच अडचण आहे काका,” मुलगी म्हणाली. “जुन्या फायलीत त्यांचं पत्र निघालं. घरच्या जबाबदारीमुळे मला हे काम करायचं नाही, कृपया पुन्हा विचारू नये. खाली सही आहे. साहेब म्हणाले, मग कशाला त्रास द्यायचा त्यांना. मीच म्हटलं, एकदा विचारून तरी बघते. आज सातला यादी कायम होईल. त्याआधी त्यांनी मला एक फोन करावा, बस. पत्राचं मी विचारेनच म्हणा त्यांना.”

पत्राचा विषय काढू नका, एवढंच त्याला म्हणायचं होतं. जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. “सांगतो,” तो म्हणाला.

ते पत्र त्यानेच लिहिलं होतं.

एकतीस वर्षं झाली. मालिकेचं काम दुसऱ्या शहरात हलणार होतं, तीन महिने तिला तिकडे राहायला बोलावलं होतं. बोलावण्याचं पत्र पोस्टमनने त्याच्या हातात दिलं. त्या दिवसांत तो कामावरून यायचा तेव्हा दाराला कुलूप असायचं. ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं, “मीटरसाहेब, घरी राणी आहे तुमच्या. आत जाताना वर्दी देता की नाही?” सगळे हसले, तोही हसला. मग जेवणाच्या सुट्टीत, तपासणीच्या टेबलावर बसून, त्याने तिच्या वतीने नकार लिहिला आणि बँकेच्या फॉर्मवरून तिची सही गिरवली. सही चांगली जमली. जमणारच, सीलची तार कुणी तोडून जोडली आहे, मीटरची चकती अडवायला काचेतून कुणी सुई घातली आहे, हे एका नजरेत हेरणारा माणूस तो. दुसऱ्यांच्या खोट्या जोडण्या पकडण्यातच त्याची नोकरी गेली. पकडलेला माणूस आधी काय बोलतो, तेही त्याला पाठ होतं: साहेब, आम्हाला काहीच माहीत नाही.

ती चार महिने पोस्टमनची वाट बघत होती. मग एके दिवशी म्हणाली, आवडला नसेल माझा आवाज. त्यावर तो काय बोलला होता? “असेल,” म्हणाला होता. पुढची तेवीस वर्षं ती एका दवाखान्यात फोनवर बसली. डॉक्टर जेवायला गेलेत, चारनंतर फोन करा. गडाची राणी हे वाक्य दिवसातून चाळीसदा म्हणायची, आणि पलीकडचा एखादा पेशंट विचारायचा, बाई, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय का हो?

ती वर आली ती दम लागलेली, पण खुशीत. मेणबत्त्या चांगल्या जाड मिळाल्या होत्या.

“कुणाचा फोन?”

“कुणाचा नाही.”

तो बोलून गेला आणि ते शब्द त्याला ओळखीचे वाटले, पकडलेल्या माणसाच्या तोंडचे.

तीन वाजले, चार वाजले. तो उगाच कामं उकरून काढत होता. नळाचा वायसर बदलला. बाथरूमच्या बल्बची धूळ पुसली. दर वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी जायचा, तिची पाठ बघायचा आणि परत फिरायचा. एकदा तिने विचारलंसुद्धा, “काय घुटमळताय? भूक लागली का आत्तापासूनच?”

पाचला जेवायला बसले. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात भाताचा घास घातला.

“मला उद्याची धास्ती आहे,” ती म्हणाली. “घसा पार वाळतो. परवा फोन आला आणि आवाजच निघाला नाही तर? देवाला सांगून ठेवलंय मी, पाणी तोडते तुझ्यासाठी, पण आवाज तोडू नकोस.” आणि स्वतःच हसली. हसताना ती तेहेतीस वर्षांपूर्वीची दिसली असं नाही. होती तशीच दिसली, साठीतली, दातांत फट असलेली, आशेने उजळलेली. त्याला ते बघवलं नाही.

उपासाचा एक नियम प्रार्थनाघरातले वडीलधारे दर वर्षी सांगत. देवाशी चुकलात, तर देव पदरात घेईल. माणसाशी चुकलात, तर त्या माणसाच्या पुढे जाऊन उभे राहा. तो सोडेल तरच सुटाल. म्हणून उपासाला बसण्याआधी नवरा-बायको, भाऊ-भाऊ एकमेकांची माफी मागत. यांच्या घरात ते दाराशी, बूट घालताना उरकायचं. तो म्हणायचा, “कळत-नकळत काही बोललो असेन, तर माफ कर.” ती म्हणायची, “केलं.” एकतीस उपास तो त्या एका शब्दावर काढत आला होता. काय माफ केलं, ते तिला माहीत नव्हतं. तिला माहीत नाही, हे मात्र त्याला माहीत होतं.

सहा वाजून गेले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून तांबूस झालं. तिने केस विंचरले, पांढरी साडी नेसली, पाण्याचा शेवटचा पेला उभ्याने संपवला आणि पालथा घातला. मग फोन घेतला. बंद करण्याआधी तिने तो क्षणभर न्याहाळला, कुणाचा निरोप येऊन पडला आहे का ते बघावं तसा. काही नव्हतं. तिने बटण दाबून धरलं, काच काळी झाली. फोन खणात गेला. उपासात फोनलाही मनाई, उद्या रात्रीपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता.

तिने मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना म्हटली. आता तिचा उपास सुरू झाला होता. सात वाजायला पाऊण तास होता.

तो दाराशी बूट घालत होता. नाडी सुटत होती, पुन्हा बांधत होता. नेहमीचं वाक्य म्हणायला त्याने मान वर केली, पण यंदा तीच आधी येऊन समोर उभी राहिली.

“थांबा. आज मला बोलू द्या.”

तिने पदर सारखा केला. आवाज खाली होता, राणीचा नव्हता, दवाखान्यातल्या फोनवरच्या बाईचाही नव्हता.

“कितीतरी वर्षं मी मनात एक धरून बसलेय. ते काम सुटलं, तेव्हा मला वाटलं, यांनीच काहीतरी केलं असेल. यांना नको होतं माझं बाहेर बोलणं. तुम्ही कधी एका शब्दानं आडवे आला नाहीत, तरी मी तुमच्यावर संशय घेतला. भाकरी वाढताना घेतला, तुम्ही आजारी होता तेव्हा उशाशी बसूनसुद्धा घेतला. फार वाईट वाईट आलं माझ्या मनात तुमच्याबद्दल. ही बातमी आली, दोन महिने मी आवाज लावतेय, तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत, तेव्हा वाटलं, उगाच एका गरीब माणसाला जन्मभर आरोपी केलं मी. मला माफ करा.”

एकच शब्द म्हणायचा होता. केलं. तो तोंडात तयार होता, तिच्याकडून एकतीस वेळा ऐकलेला. म्हटला असता, तर दोघं जिना उतरून प्रार्थनेला गेले असते, उद्या चांदण्या बघून पाणी प्याले असते, आणि परवापासून ती पुन्हा फोनकडे बघत बसली असती.

मेणबत्त्यांच्या मागे खण बंद होता. बुटाची नाडी त्याच्या हातात तशीच राहिली.

“माफी मागू नकोस,” तो म्हणाला. “तुझा संशय खरा होता. नकार तुझ्या सहीनं मीच लिहून पाठवला होता. आणि आज दुपारी त्यांचा फोन आला होता. सातपर्यंत तुझी वाट बघताहेत.”