समितीच्या टेबलावरचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. देशाचे कायदे जिथे घडतात त्या इमारतीत, समितीच्या लांबलचक टेबलावर माझं आयुष्य गेलं. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर फुंकर मारली आणि "आवाज स्वच्छ आहे हो याचा," असं शेजारणीला सांगितलं. मी केवढा हुरळून गेलो! पण माझं बटण कायम दुसऱ्याच्या हातात राहणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या ऐन उमेदीत दारूच्या कायद्याचा मसुदा आला. तो आरोग्य खात्यातल्या एका अधिकारी बाईंनी लिहिला होता. सगळे त्यांना ताई म्हणत. दारूच्या जाहिराती बंद कराव्यात, खेळाच्या मैदानावर तर मुळीच नकोत आणि बाटलीवर ठळक इशारा छापावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सुनावणी सुरू झाली. आधी दारू उत्पादकांच्या संघटनेचे गृहस्थ आले. त्यांचं बोलणं इतकं गोड की शिपाई त्यांना पाठीमागे 'मधाचं बोट' म्हणत. मग हॉटेलवाले, जाहिरातवाले आणि क्रीडा मंडळाची माणसं आली. माणसं निराळी, वाक्यं मात्र तीच. रोजगार बुडेल, खेळ बुडेल, लोक शहाणे आहेत, त्यांचं त्यांना ठरवू द्या. ऐकून ऐकून माझे कान किटले. सर्वांत शेवटी यकृताच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना बोलावलं. आता कॉलेजातली पोरंही भरती होतात, असं ते सांगू लागले, तोच जेवणाची वेळ झाली म्हणून सभापतींनी माझं बटण दाबलं. डॉक्टरांचे ओठ हलत राहिले आणि मी ठार मुका. असा संताप आला म्हणून सांगू!

पुढच्या बैठकीत मधाचं बोट म्हणाले की बंदी हवीच कशाला, आमची संघटनाच शाळाशाळांतून जनजागृती करील. सभापतींनी मान डोलावली. ताईंनी मला जवळ ओढलं.

"एकच विचारते. लोक कमी प्यायले तर तुमचा धंदा वाढेल की घटेल?"

"ताई, प्रश्न इतका साधा नसतो."

"साधाच आहे. वाढेल की घटेल?"

ते नुसते हसले. सभापतींनी विषय बदलला.

मसुदा फिरून परत आला, तेव्हा त्यात जागोजागी 'शक्यतो' हा शब्द घुसला होता. जाहिराती शक्यतो टाळाव्यात. इशारा शक्यतो छापावा. ताई तडक उभ्या राहिल्या. सभापतींनी मला बंद केलं, तरी त्या थांबल्या नाहीत. डॉक्टरांचं बोलणं पूर्ण होऊ द्या, मगच बसेन, असं त्यांनी ठणकावलं. मागच्या बाकावरून डॉक्टर उठले.

"एक पोरगा मला विचारतो, हे बाटलीवर लिहिलं का नव्हतं? त्याला मी काय सांगू?"

सभापतींनी मसुदा पुढे ओढला आणि पेन उचललं.

इशाऱ्यापुढचा 'शक्यतो' तेवढा खोडला गेला. बाकीचे सगळे राहिले. मैदानांभोवती दारूच्या पाट्या पूर्वीसारख्याच झळकल्या आणि ताईंची बदली वजनमापे खात्यात झाली. मीही अडगळीत पडलो.

मला कुणी पुसावं, जपावं, असं माझं मागणं नाही. मित्रांनो, एखादा कायदा झाला की एवढंच विचारा, तो ठरताना कुणाला बोलू दिलं आणि त्यातल्या कुणाचा गल्ला भरणार होता? आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.