ओठ टेकले, घोट नाही

मित्रांनो, आज मी काळवंडलोय, काठाला एक पोचाही आहे. तरी मी अस्सल चांदीचा आहे. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवला जाणारा मी एक जुना प्याला. येशूच्या आठवणीत सगळे माझ्यातून द्राक्षरसाचा एकेक घोट घ्यायचे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याचा हात हलका होता आणि तोंड मात्र अखंड चालू. माझ्याशी, हातोडीशी, भट्टीशी, सगळ्यांशी तो बोलायचा. शेवटी त्याने मला उजेडात धरून आतून बाहेरून न्याहाळलं आणि नाइलाज झाल्यासारखं मला देऊन टाकलं.

चर्चच्या मंडळीने मला सांभाळायला दिलं ते थोरल्या बाईंकडे. दर शनिवारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून त्या खडूची पूड आणि मऊ फडकं घेऊन मला घासायच्या. चुलीवर काहीतरी रटरटत असायचं, त्या गुणगुणत असायच्या. माझ्या पोटात खिडकीचं आभाळ दिसू लागलं की त्यांचं समाधान व्हायचं. काय सुखाचे शनिवार होते ते! लोक म्हणायचे, बाईंचं मनही या प्याल्यासारखंच आहे, लख्ख.

बाईंच्या सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं न्हाणं, जेवण, औषध, सगळं बाईच करायच्या. धाकटी जाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, शिवणकाम करायची. ती आठवड्यातून एकदा यायची, आणि ती आली की म्हातारीचा चेहरा उजळायचा. बाई तेव्हा भांडी जरा जोरात आपटायच्या. सेवा आपण करायची आणि डोळे मात्र हिच्या वाटेकडे, हे त्यांना फार लागायचं.

एके सकाळी म्हातारीचं एकदम बिघडलं. चर्चचे पाळकसाहेब घरीच प्रभुभोजन द्यायला आले, म्हणून मी तिच्या उशाशी होतो. म्हातारी म्हणाली, "धाकटीला बोलवा. तिच्याबरोबर घेईन."

बाई म्हणाल्या, "निरोप धाडलाय, आई. येईलच ती."

मी सकाळपासून त्याच घरात होतो, मित्रांनो. कुणालाही कुठे धाडलेलं नव्हतं.

म्हातारी दाराकडे बघत राहिली. पाळकसाहेब थांबले, पुष्कळ थांबले. शेवटी तिने एकटीनेच घोट घेतला. ऊन कललं तेव्हा ती गेली.

धाकटी आली ती मातीलाच. लोक कुजबुजले, सासूने जीव लावला आणि ही शेवटच्या घडीला फिरकलीसुद्धा नाही. बाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. त्या दिवसापासून धाकटी उपासनेत शेवटच्या बाकावर बसू लागली.

आणि त्यानंतर एक गोष्ट घडू लागली, जी फक्त मला ठाऊक होती. मी बाईंच्या हाती आलो की त्या मला ओठांना लावायच्या, पण पीत नसत. ओठ घट्ट मिटलेले असायचे. मन साफ नसताना तो घोट घ्यायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. घासताना मात्र त्या मला इतकं रगडायच्या, की माझ्यावरची नक्षी पुसट होऊ लागली. गुणगुणणं तर कधीच थांबलं होतं.

एका शनिवारी पाळकसाहेब मला न्यायला आले. बाईंनी मला पिशवीत घातलं, पण पिशवी हातातून सुटेना. खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, देव क्षमा करणारा आहे. पण तो निरोप माझ्यासाठी नव्हता. तो अजून पोचवायचा राहिलाय."

बाई तशाच उठल्या, पिशवीसकट. अख्खं गाव ओलांडून धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या. आत शिवणयंत्र चालू होतं.

"आईंनी तुला बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "मी कळवलंच नाही. मला तुझा हेवा वाटत होता."

यंत्र थांबलं. धाकटीने विचारलं, "माझं नाव घेतलं होतं त्यांनी?"

"जाईपर्यंत घेत होत्या."

धाकटी यंत्रावर डोकं टेकून रडली. मग डोळे न पुसताच म्हणाली, "आज तुम्ही जा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मंडळीसमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. ज्यांनी त्यांना लख्ख म्हटलं होतं, त्यांनीच नाकं मुरडली. बाईंनी ते सोसलं. मी समोर आलो की त्या मला ओठांना न लावता सरळ पुढे देऊ लागल्या, सगळ्यांच्या देखत. घरी मला घासताना मात्र त्यांचा हात पुन्हा हलका झाला होता.

असे कितीतरी रविवार गेले. मग एका सकाळी धाकटी शेवटच्या बाकावरून उठली आणि बाईंच्या शेजारी येऊन बसली. मी तिच्या हाती आलो. ती प्यायली. मला पुढे न देता तिने स्वतःच बाईंच्या तोंडाशी धरलं.

"घ्या, ताई."

बाईंचे दात माझ्या काठावर वाजले. पण त्या प्यायल्या. माझ्या एवढ्या आयुष्यात तसा घोट दुसऱ्या कुणी घेतला नाही.

आता दोघीही नाहीत. मंडळीत प्रत्येकासाठी वेगळे काचेचे छोटे पेले आले आणि मी कपाटात गेलो. कधी आठवण झाली तर मला जरूर पुसा, मित्रांनो, मला आवडेल. पण त्याआधी, कुणाच्या दारात जाऊन खरं बोलायचं राहिलं असेल, तर तिकडे जाऊन या. मला घाई नाही.