गवतासाठी केलेले काटे

ट्रॅक्टरच्या लोडरला, म्हणजे पुढच्या उचलणाऱ्या दांड्यांना, गवताचे गठ्ठे उचलायचे काटे हवेत म्हणून दाजींनी आपल्या वेल्डर मेहुण्याला गळ घातली. मेहुण्याची जुनी वेल्डिंग मशीन जाड लोखंडापुढे मान टाकायची. दुकानदार हलकी, चकचकीत मशीन गळ्यात मारत होता. पण मेहुण्याने जाड रॉड दिवसभर पेलणारी दणकट मशीनच घेतली आणि काट्यांचा जोड असा केला, की घण मारला तरी हलेना.

महिन्याभराने तो बहिणीकडे गेला, तर ताई त्याच काट्यांवर फळी टाकून उंचावर छप्पर रंगवत उभी, आणि दाजी ट्रॅक्टरवर बसून फोनवर गप्पा मारतायत. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आधी तिला खाली घ्या!"

"का रे, स्वतःच्या वेल्डिंगवर भरवसा नाही?" दाजी हसले.

"वेल्डिंगवर आहे! पण लोडरचा तेलाचा पाइप फुटून काटे धाडकन खाली आले तर वेल्डिंग काय करणार? गवतासाठी केलेत हे काटे, माझ्या बहिणीसाठी नाही!"

दाजींनी लोडर खाली घेतला आणि ताई उतरली. त्याने लोडरच्या पिना काढून काटे आपल्या टेम्पोत टाकले. दाजी ओरडत राहिले. ताईने रंगाचा डबा त्यांच्या हातात दिला.

"शिडी भिंतीमागे आहे," ती म्हणाली.